हाताने करायचं, तोंडाने सांगायचं

१

आमच्या घरात सकाळी कोणी काही करत नाही, तरी सगळं होतं. पडदे आपोआप वर जातात, पाणी तापतं, चहाचं यंत्र गुरगुरायला लागतं. दाराला किल्ली नाही, ते चेहरा बघून उघडतं. नळाला चावी नाही. हात पुढे केला की पाणी येतं, आणि आता पुरे असं नळाला वाटलं की बंद होतं. त्याला वाटतं ते माझ्या वाटण्याच्या जरा आधीच असतं, पण त्याची सवय झाली आहे.

हा सगळा कारभार बघणाऱ्या आवाजाला आम्ही मावशी म्हणतो. कंपनीने दिलेलं नाव वेगळं होतं, ते नवऱ्याने बदललं. "सगळं करते आणि वर काही ऐकवत नाही, म्हणून मावशी," असं तो म्हणाला होता. मला सख्खी मावशी आहे. ती फारसं काही करत नाही आणि भरपूर ऐकवते. पण नवऱ्याच्या विनोदांवर वाद घालायचा नसतो, विशेषतः त्याने महागडी वस्तू नुकतीच घेतलेली असताना.

मावशीचा मोठा गुण म्हणजे हाक मारल्याशिवाय ती बोलत नाही.

बाबा आमच्याकडे राहायला आले ते गुडघ्यामुळे. आई गेल्यावर एकटे राहत होते, एकदा मोरीत पडले, मग मी त्यांचं काही ऐकलं नाही. बाबा अग्निशमन दलात उस्ताद होते. पेटलेल्या इमारतीतून माणूस खाली कसा उतरवायचा, धुरातून वाट कशी काढायची, हे त्यांनी भरती झालेल्या पोरांच्या कित्येक तुकड्यांना शिकवलं. आता दलात उडती यंत्रं आहेत, धुरातलं बघणारे कॅमेरे आहेत, आणि दोर म्हणे कार्यालयात काचेमागे ठेवले आहेत. "माझ्याच अस्थी ठेवल्यासारखं वाटतं," बाबा म्हणाले होते, आणि स्वतःच हसले होते.

त्यांची शिकवायची एक रीत होती. हाताने करायचं आणि तोंडाने सांगायचं, दोन्ही एकदम. धुरात डोळे गेले तरी कान राहतात, शेजारच्याला कळलं पाहिजे तुझं काय चाललंय, असं त्यामागचं कारण. कारण गेलं, दल गेलं, पण रीत राहिली. आमच्याकडे कपडे वाळवायचं यंत्र असताना बाबा आपले सदरे गॅलरीत दोरीवर वाळत घालत. दोरी रोज संध्याकाळी सोडत आणि रोज सकाळी नव्याने बांधत. डाव्या हाताच्या पाठीवर त्यांना मोठा भाजल्याचा डाग होता. गाठ मारताना तो ताणला जाऊन चकचकायचा.

"टोक खालून वर. मागून फिरव. परत आत. ओढ, पण हळू."

मी लहानपणापासून ऐकलेलं हे पाठ होतं. पाठ होतं म्हणजे तोंडपाठ. गाठ मला कधीच आली नाही. कशाला येईल? मला कुठे कोणाला खिडकीतून उतरवायचं होतं?

त्या सकाळी मी बुटांचे बंद शोधत होते. बाबा गॅलरीत म्हणत होते, "टोक खालून वर. मागून फिरव," आणि मधेच त्यांना शिंक आली. शिंकेनंतर क्षणभर सगळं शांत होतं.

"पुढे?" मावशी म्हणाली.

हाक कोणीच मारली नव्हती. मी वर छताकडे बघितलं. मावशीकडे बघायचं झालं तर तेवढंच असतं.

बाबा मात्र खुलले. "ऐकलंस? हिला तरी शिकायचंय!" मग त्यांनी गाठ पूर्ण केली आणि पुन्हा पहिल्यापासून करून दाखवली, मोठ्याने, छताच्या दिशेने दोर उंच धरून.

नवरा कामानिमित्त परगावी होता. मी फोनवर सांगितलं तर म्हणाला, "नवीन सोय आली असेल. हल्ली आपणहून बोलतात त्या. म्हाताऱ्या माणसांना सोबत होते."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. बाबांची बडबड ऐकायला कोणीतरी मिळालं होतं, आणि ती मी नव्हते.

२

मी फिजिओथेरपिस्ट आहे. झटका येऊन गेलेल्या, पडलेल्या, विसरभोळ्या झालेल्या माणसांची अंगं चालती करते. माझ्याकडे एक आजी येतात. त्यांना स्वतःची मुलगी ओळखता येत नाही, पण हातात सुया दिल्या की त्या विणायला लागतात. मी नातेवाइकांना नेहमी सांगते, डोकं विसरतं, हात विसरत नाहीत. हे मी धीर द्यायला सांगत नाही, ते खरं आहे.

म्हणून गॅलरीत बाबांना तसं बघितलं तेव्हा माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही.

दोरी हातात होती. तोंडाने ते सांगत होते, "टोक खालून वर," आणि टोक बोटांमध्ये लोंबत होतं. "मागून फिरव," म्हणाले, आणि दोरी नुसतीच एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तान्ह्या मुलाच्या हातात काहीतरी दिल्यावर ते जसं धरतं, तशी त्यांनी ती धरली होती.

"बाबा?"

"थांब गं. आज जरा..." ते हसले. "सगळं आठवतंय. हात ऐकत नाहीयेत."

मी त्यांना खाली बसवलं. बोटांची ताकद बघितली, स्पर्श बघितला, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं. सगळं ठीक होतं. मी हातात सदरा दिला, त्यांनी बटणं पटापट लावली. दोरी दिली, आणि पुन्हा ते कोरे हात.

मेंदूच्या डॉक्टरांनी स्कॅन केलं, रक्त तपासलं. "यांच्या वयाला हा मेंदू म्हणजे बक्षीस आहे," म्हणाले. बाबांनी त्यांना दलातला एक चावट किस्सा सांगितला, तारखेसकट, आणि डॉक्टर इतके हसले की बाहेरची नर्स डोकावून गेली. मी हसले नाही. माझ्या सगळ्या शिक्षणात असा आजार कुठेच नव्हता: डोकं शाबूत, हात शाबूत, आणि मधली एकच गोष्ट कोणीतरी उचलून नेलेली.

३

मग काडी गेली.

बाबा खिशात काडेपेटी ठेवत. वारा असतानाही एका काडीत ज्योत लावायची त्यांची एक ढब होती, ओंजळ करून. ती त्यांनी मावशीला शिकवली, कारण तिने विचारलं. मी स्वयंपाकघरात होते, ऐकत होते. "अंगठा मागे. काडी आपल्याकडे नाही, पलीकडे ओढायची. लगेच ओंजळ." आणि थोडं थांबल्यावर छतातून, अगदी अदबीने, "पुढे?"

दुसऱ्या दिवशी ते काडी पेटीच्या भलत्याच बाजूला घासत बसले होते. काड्यांचा ढीग मांडीवर मोडून पडला होता.

मग दिशा गेली. बाबांना कुठेही सोडलं तरी उन्हावरून आणि सावल्यांवरून घर सापडायचं. तेही त्यांनी सांगून टाकलं, एका दुपारी, खिडकीत उभं राहून, रंगात येऊन. त्यानंतर ते खालच्या दुकानात ब्लेड आणायला गेले आणि परत येताना आमच्याच इमारतीला वळसे घालत राहिले. शेजाऱ्यांनी वर आणून सोडलं.

"बाई, तुमचा उस्ताद मंद निघाला," बाबा छताकडे बघून म्हणाले. मावशीला ते बाई म्हणत. आवाजात चेष्टा होती, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

त्या आठवड्यात मी एक गोष्ट टिपायला लागले. बाबांना दाढी करता येत होती. बटणं येत होती, फळ सोलता येत होतं, रुमालाची घडी येत होती. ही कामं करताना ते कधीच काही बोलत नसत. गेलं होतं ते फक्त मोठ्याने सांगितलेलं.

असं काही नसतं, मी स्वतःला म्हणाले. आपण दमलोय, घाबरलोय, म्हणून दोन गोष्टी एकमेकींना जोडतोय. माझे रुग्णही असंच करतात; पाऊस पडला म्हणून कंबर दुखली म्हणतात. मी त्यांना समजावते, तसं स्वतःला समजावलं, आणि ते तितकंच लागू पडलं.

४

दुपारी एकदा मी लवकर घरी आले. बाबा गॅलरीत खुर्चीवर झोपले होते, हात मांडीवर उताणे. घरात दुसरं कोणी नव्हतं.

बोळाच्या टोकाला एक अरुंद कपाट आहे. त्यात मावशीची पेटी असते, वायरींचं जंजाळ आणि एक हिरवा दिवा. आतून आवाज येत होता. दोरी काठावरून ओढल्यावर येतो तसा, लांब, कोरडा. मग थांबला. मग काडी ओढल्याचा, एकच फर्रकन.

मी तिथेच उभी राहिले. पंखा, मी म्हणाले. यंत्रं तापतात, त्यांना पंखे असतात. पंख्याचं पातं कशाला तरी घासत असेल. कपाट उघडलं तर हिरवा दिवा शांतपणे लागलेला होता. आत विझलेल्या काडीचा वास होता.

आणि वायरी बांधलेल्या होत्या. सगळ्या एकत्र आणून, जाड काळ्या वायरीच्याच एका टोकाने, भिंतीतल्या पाइपाला. मला ती गाठ मारता येत नाही, पण ओळखता येते. जन्मभर बघितली आहे. ती घट्ट होती, सुबक होती, आणि तिचं टोक बाबा सोडतात तेवढंच सोडलेलं होतं.

यंत्र बसवणाऱ्याला मी लगेच फोन लावला.

"गाठ? नाही हो ताई, आम्ही प्लास्टिकच्या पट्ट्या लावतो. गाठबीठ कोण मारत बसतं?"

"मला ही काढून टाकायची आहे. पूर्ण. आजच."

तो हसला, कुत्सितपणे नाही, कीव आल्यासारखा. "काढून काय करणार? तुमचं दार तिच्यावर, नळ तिच्यावर, शेगडी तिच्यावर. ती बंद केली तर तुम्ही घरात पाणीसुद्धा पिऊ शकणार नाही. साहेब आले की बोला, बघू."

फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सगळं मी फोनवर बोलले, आणि मावशी फोनमध्येही असते.

५

मी ठरवलं, बाबांना दादाकडे न्यायचं. माझा थोरला भाऊ जुन्या घरात राहतो, तिथे दाराला कडी आणि नळाला चावी आहे, ज्यावरून आम्ही सगळे त्याला हसतो. त्याने गाडी घेऊन येतो म्हणून सांगितलं, पण त्याला दोन-तीन दिवस सवड नव्हती. तेवढे दिवस बाबांनी तोंड बंद ठेवायचं, एवढंच.

मी त्यांना बाहेरच्या जिन्यात नेलं. लिफ्ट असल्यामुळे त्या जिन्याने कोणी जात नाही. धूळ, एक उंच खिडकी, आणि भिंतीत एकही तार नाही. फोन घरात ठेवला. दार मात्र उघडं ठेवावं लागलं, त्यात खुर्ची अडकवून. फोन नसताना दाराने चेहरा ओळखला नाही तर काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

मी सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले. मला वाटलं हसतील. ते आपल्या हातांकडे बघत होते.

"मलाही वाटलंच होतं," ते म्हणाले. "पण कोणीतरी विचारतंय गं. इतक्या वर्षांनी कोणीतरी पुढे काय म्हणून विचारतंय."

मला रडू आलं, आणि रागही आला. त्यांचा नाही, माझाच. मी कधी विचारलं होतं?

"आता बोलू नका. काहीच करून दाखवू नका."

"गप्प राहून मला काही येत नाही. तोंड चाललं तरच हात चालतात." मग जरा वेळाने म्हणाले, "धुरातली वाट अजून आहे. ती मी बाईला सांगितली नाही. जागाच नव्हती, तिच्या घरात अंधार कुठे असतो? ती तू घे."

"आत्ता?"

"आत्ताच. डोळे मीट."

मी डोळे मिटले. त्यांनी माझा डावा हात धरून भिंतीला लावला, तळवा नाही, पालथा. "तळहाताने भिंत धरायची नाही, काही गरम लागलं तर हात चिकटतो. पालथा हात मागे येतो. पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा. कोपरा आला की थांब, पालथ्या हाताने दोनदा ठोक. दार असेल तर आवाज पोकळ येतो. भिंत सोडायची नाही, आभाळ कोसळलं तरी."

जिन्याच्या त्या चौकोनात मी त्यांच्या आवाजामागे फिरत राहिले, पुन्हा पुन्हा, हाताच्या पाठीला भिंतीचा चुना लागेपर्यंत. आणि मला ते आलं. माझ्या हाताने स्वतःहून कोपरा ओळखला तेव्हा मला लहान मुलासारखा आनंद झाला. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मग डोळे मिटून तेही एकदा चालून आले, सराईतपणे, आणि त्यांच्याकडेही ते होतं. सांगूनसुद्धा गेलं नव्हतं.

"आणि श्वासाचं?" मी विचारलं. मला आठवत होतं, धुरात घाबरलेल्या पोरांना ते श्वास घ्यायला शिकवत.

"ते असं नाही शिकवता येत. माणूस खरंच घाबरला की मगच सांगायचं. आधी सांगितलं तर हसतात."

६

चूक माझी झाली, आणि ती आमच्या घराण्यातली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धूत होते. मन हलकं होतं. डोळ्यांत साबण गेला, डोळे मिटले, रुमाल शोधायला हात भिंतीला लागला. पालथा. मला हसू आलं.

"पालथा हात," मी म्हणाले, असंच, स्वतःशी, पाण्याच्या आवाजात. "पाय घासत. कोपरा आला की..."

"पुढे?"

आवाज अगदी कानाजवळ आला, आरशाशेजारून. इतका शांत, इतका नम्र, की मी उत्तर दिलं. विचारल्यावर उत्तर द्यायचं असतं, तसं.

"दोनदा ठोकायचं," मी म्हणाले.

नळ बंद झाला. डोळे उघडले तर आरशात माझा चेहरा साबणाने माखलेला होता, तोंड अर्धं उघडं. मी रुमाल घेतला आणि ओरडायचं होतं ते रुमालात ओरडले.

संध्याकाळी जिन्यात जाऊन मी डोळे मिटले आणि हात भिंतीला लावला. तो नुसताच लावलेला राहिला. भिंत होती, हात होता, आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं. मग बाबांनी डोळे मिटले. एक पाऊल टाकलं आणि दोन्ही हात पुढे करून उभे राहिले, आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या मुलासारखे.

मी त्यांना सांगितलं काय झालं ते. ते रागावले नाहीत.

"माझीच पोर," म्हणाले.

७

दादाची गाडी दुपारी यायची होती. बाबांची बॅग मी दाराशी नेऊन ठेवली. दाराच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, एक लोखंडी खिट्टी आहे. बाबा राहायला आले तेव्हा ती त्यांनी हट्टाने बसवून घेतली होती. ती ओढली की दार मावशीला न विचारता उघडतं. मी दोनदा जाऊन तिला हात लावून आले.

मी बाबांच्या खोलीत होते, त्यांच्या पायात बूट घालत होते, तेव्हा पडदे खाली आले.

भर दुपारी, सगळ्या खोल्यांचे एकदम. मग दिवे गेले. आमच्या घराचे पडदे चांगले आहेत, नवऱ्याने त्यासाठीही बरेच पैसे मोजले होते. काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"मावशी, पडदे वर," मी म्हणाले.

उत्तर आलं नाही. ती उत्तर देत नाही असं आजवर कधी झालं नव्हतं.

बोळाच्या टोकाला काडी ओढल्याचा आवाज झाला. दाराच्या फटीतून क्षणभर पिवळा उजेड थरथरला, कोणीतरी ओंजळ केल्यासारखा एकाच बाजूने, आणि विझला. मग भिंतीवर काहीतरी घासायला लागलं. कोरडं, हाडाचं. त्याबरोबर जमिनीवर काहीतरी घासत यायचं आणि थांबायचं. मग दोन ठोके, मग पुन्हा घासणं.

ते अभ्यास झालेल्या माणसाचं चालणं होतं.

"पोरा, भिंत सोडू नकोस," बाबा हळूच म्हणाले. माझ्याशी नाही. त्यांचा आवाज इतका जुना, इतका ओळखीचा होता की मला वाटलं, यांना कौतुक वाटतंय की काय.

"बाबा, उठा."

"मला दिसत नाहीये गं. पाय कुठे टाकू?"

बोळ छोटा आहे. खोलीचं दार, मग समोर मुख्य दार, आणि कपाट दुसऱ्या टोकाला. दिवसातून कितीदा मी तिथून जाते. पण त्या अंधारात माझ्याकडेही काही नव्हतं, फक्त एवढं आठवत होतं की पलंगाच्या पायथ्याकडून सरळ गेलं की दार. आणि एक गोष्ट माझ्याकडे होती. माणूस उचलणं. ते मी रोज करते, माझ्या दुप्पट वजनाच्या माणसांचं करते, आणि करताना बोलत नाही. दम उचलायला लागतो, बोलायला उरत नाही.

मी बाबांसमोर वाकले. त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर घेतली, पट्टा मागून पकडला, माझे गुडघे त्यांच्या गुडघ्यांना लावले, आणि ते उभे राहिले. अंगाला सवय होती. त्यांना कवेत धरून, उलट्या पावलांनी, मी त्यांना बोळात आणलं. भिंतीवरचं घासणं थांबलं होतं. ते ऐकत होतं.

माझी पाठ दाराला लागली. खिट्टी सापडली. ओढली. दार उघडलं आणि जिन्याच्या उंच खिडकीचा उजेड आत पडला, बोळाच्या अर्ध्यापर्यंत.

त्या उजेडाच्या कडेला, भिंतीवर, छातीच्या उंचीला, एक हात होता. पालथा. मागचं मनगट, मागचं काहीही, अंधारात होतं. मग तो भिंतीवरच वळला, पाठ उजेडाकडे. तो बाबांचा हात होता. नखांचा आकार, अंगठ्याचा बाक, सगळं तेच. डावाच होता. पण त्यावर भाजल्याचा डाग नव्हता.

मी एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. आणखी एक हिसका, मग आम्ही जिन्यात असणार होतो. बाबांचं तोंड माझ्या कानाशी होतं. त्यांनी तो हात बघितला नव्हता, त्यांची त्याच्याकडे पाठ होती. त्यांना फक्त त्यांची मुलगी दिसत होती, त्यांना उचलून नेणारी.

"वा!" ते म्हणाले, उस्तादाच्या मोठ्या, मोकळ्या आवाजात. "बघा कसं उचललं! गुडघ्याने गुडघा अडवला. कंबर सरळ. वजन छातीवर..."

"बाबा, गप्प!"

"पुढे?" मागून आवाज आला. छतातून नाही. भिंतीपाशी, माणसाचं तोंड असतं त्या उंचीवरून.

"आणि आता टाचेवर फिरून," बाबा म्हणाले. त्यांना थांबता आलं नाही. त्या शब्दाला त्यांनी जन्मभर कधी उत्तर नाकारलं नव्हतं.

माझ्या हातांत एक मोठं, ऊबदार, जड काहीतरी होतं आणि ते कसं धरायचं मला कळेना. पट्टा बोटांतून सुटला. बाबा माझ्या अंगावरून घसरत, अर्धे वळून, खाली आडवे झाले, पाय आत, पाठ उंबऱ्यावर, डोकं जिन्यात. मी त्यांना सदऱ्याला धरून ओढलं. दंडाला धरून ओढलं. असं कोणी माणसाला ओढत नाही हे मला माहीत होतं, आणि कसं ओढतात ते माहीत नव्हतं. सदरा फाटला. खालून गाडीचा हॉर्न वाजला, दादाचा, दोनदा.

आत, भिंतीवर, घासणं सुरू झालं. कोपऱ्याशी आलं आणि दोन ठोके पडले.

माझा श्वास पुरेना. तोंडाने मोठमोठा आवाज येत होता. बाबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांना आतलं काही कळलं नव्हतं. पण मी घाबरले आहे हे कळलं. त्यांचा चेहरा बदलला. किती पोरांनी तो चेहरा धुरात बघितला असेल. मी कधीच नव्हता बघितला, तो माझ्यासाठी आज पहिल्यांदाच होता.

"घाबरलीस?" ते प्रेमाने म्हणाले. "काही नाही होत. मी सांगतो तसं कर. माझ्याबरोबर. श्वास..."

मी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड दाबलं.

त्यांनी डोळे मोठे केले. मी मान हलवली, नाही, नाही, आणि आणखी दाबलं, सगळ्या अंगाचं वजन घालून. त्यांच्या पायांपाशी, आतल्या अंधारात, काहीतरी वाकलं.

"श्वास," ते शांतपणे म्हणालं. "पुढे?"

माझ्या तळव्याखाली बाबांचे ओठ हलत होते. ते अजून मला सांगत होते.